जंप स्केअर (अचानक समोर येऊन दचकवणं) नको, पण पुढचं दार उघडायचं धाडस होऊ नये – हे हॉरर गेममध्ये जमतं कसं?

वाडा_प्रोजेक्ट

मंडळी, वेळ असेल त्यांनी जरा सविस्तर उत्तर द्या. आम्ही तिघं मित्र गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटी हॉरर गेम बनवतोय. वाईकडचा एक बंद पडलेला चौसोपी वाडा, नातू जमिनीची कागदपत्रं शोधायला येतो आणि तिथेच अंधार पडतो, एवढीच गोष्ट. वाडा चांगला उभा राहिलाय, माजघर, देवघर, बळद, परसातला आड सगळं आहे, लायटिंगवर भरपूर मेहनत घेतलीये. ओळखीतल्या काही जणांना खेळायला दिली तर झालं असं की माजघरात एक बाई एकदम तोंडासमोर येते तिथे सगळे दचकले, एकाने तर हेडफोनच काढून ठेवले, पण त्यानंतर थोड्याच वेळात तेच लोक शिफ्ट दाबून धावत धावत खोल्या धुंडाळत होते. म्हणजे दचकले, पण घाबरले नाहीत.

मला हवंय ते वेगळं आहे. अ‍ॅम्नेशिया पहिल्यांदा खेळलो तेव्हा काही दारांशी मी नुसता उभा राहायचो, आत काय आहे माहीत नाही, काही दिसलेलं नाही, तरी पाय पुढे टाकवत नाही. ती अवस्था आणायची कशी? ग्राफिक्सने येत नाही हे नक्की, कारण १९९९ च्या सायलेंट हिलमध्ये माणसांचे चेहरे धड कळतसुद्धा नाहीत आणि तरी आज खेळताना छातीत धडधडतं. मग आवाज? गोष्ट? हातात शस्त्र न देणं? "ही खेळ, ती खेळ" अशी यादी नकोय, तुम्हाला जिथे खरंच भीती वाटली अशी एखादी जागा घ्या आणि तिथे गेम नक्की काय करत होती ते सांगा.

रात्रपाळी

अ‍ॅम्नेशियाचं नाव काढलंस तर त्यातलाच पाण्याचा भाग घे, तळघरातला. ज्यांनी खेळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाणी भरलेला बोळ, मधे मधे खोकी पडलेली, आणि पाण्यात काहीतरी आहे जे दिसतच नाही. फक्त पाणी उडतं, छप छप छप, आणि ते छपछपणं तुझ्या दिशेने येतं. तू खोक्यावर चढलास की ते आसपास घुटमळतं. मग एका खोक्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, किंवा हाताला लागेल ते उचलून लांब फेकायचं, ते तिकडे गेलं की तेवढ्यात पाण्यातून पळायचं. आणि समोर दार येतं तेव्हा ते एक बटण दाबून उघडत नाही, माउस धरून ओढावं लागतं, हात घाईत असला की नेमकं उलट्या बाजूला ढकललं जातं आणि मागून छप छप चालूच असतं.

आता यात गेमने काय केलं बघ. तुला सगळं लपवलं नाही, सगळं दाखवलंही नाही. ते कुठे आहे हे कळतंय, किती लांब आहे हे कळतंय, पण ते आहे काय हे शेवटपर्यंत कळत नाही. पूर्ण अंधारात माणूस घाबरत नाही रे, थोड्या वेळाने कंटाळतो, आणि पूर्ण दिसलं की सवय होते. या दोघांच्या मधली जी जागा आहे, जिथे तुला घाबरण्यापुरतीच माहिती मिळते, तिथे भीती राहते. माझं तरी हेच मत झालंय इतक्या हॉरर गेम खेळून.

आणि ही गेम बनवणाऱ्या फ्रिक्शनलच्या लोकांनी (ते स्वीडनचे, अ‍ॅम्नेशिया २०१० ची) अजून एक फार विचार करून केलंय. अंधारात थांबलास तर पात्राचं डोकं फिरायला लागतं, कंदील लावलास तर तेल संपतं आणि राक्षसाला तू दिसतोस, आणि राक्षसाकडे बघत बसलास तरी डोकं बिघडतं. म्हणजे नीट बघून घेणं हाच उपाय गेमने काढून घेतलाय. बहुतेक लोक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतात आणि नुसते ऐकतात, गेला का, गेला का. तुमची ती बाई लोकांनी समोरून, जवळून, पूर्ण बघितली, आणि बघून काहीच झालं नाही. मग ते धावणारच, त्यांना कळलं ना की हिची मजल इथपर्यंतच आहे.

आवाजघर

मी साउंडमध्ये काम करते, मुख्यतः डबिंग आणि वेब सिरीजचं मिक्सिंग, त्यामुळे माझा कल आवाजाकडे असणार हे धरून वाचा. वर सायलेंट हिलचा विषय निघालाय म्हणून त्याबद्दलच बोलते. त्यातलं धुकं हे प्लेस्टेशनची मर्यादा झाकायला होतं हे बहुतेकांना माहीत असेल, एवढं मोठं गाव एका वेळी लांबपर्यंत काढून दाखवणं त्या मशीनला झेपणारं नव्हतं म्हणून धुकं आणि अंधार. पण धुकं असलं की डोळ्याचं काम कानावर येतं, आणि तिथे त्यांनी खिशात रेडिओ दिला. मॉन्स्टर जवळ आला की रेडिओ खरखरतो. कुठल्या बाजूने ते सांगत नाही, फक्त आहे एवढंच, आणि जसजसा जवळ येतो तशी खरखर वाढते. तुम्ही गोल गोल फिरून बघत राहता. रेडिओ बंद करता येतो, पण मग सूचना मिळत नाही, म्हणजे तो आवाज सहन होत नाही आणि सोडवतही नाही. अकिरा यामाओकाचं संगीत पण ऐका परत एकदा, बऱ्याच ठिकाणी ते संगीत आहे की त्या इमारतीतलं एखादं मशीन चालू आहे हेच समजत नाही, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं, मधेच थांबतं, आणि थांबलं की जास्त वाईट वाटतं.

दुसरं टोक बघायचं असेल तर रेसिडेंट ईव्हिल २ चा २०१९ चा रिमेक. तिथे तुमच्या मागावर असलेला मिस्टर एक्स दिसतो, अगदी व्यवस्थित दिसतो, मोठा टोपीवाला माणूस. पण तो दिसतो त्यापेक्षा त्याचे बूट जास्त वेळ ऐकू येतात. वरच्या मजल्यावर चालतोय, भिंतीपलीकडे आहे, आता दार उघडलं, आता थांबला. मी लायब्ररीत एक कोडं सोडवत होते आणि डोक्यात सतत त्याचा नकाशा चालू होता, हात चालतायत पण लक्ष सगळं छताकडे. रात्रपाळीने जे म्हटलंय की घाबरण्यापुरती माहिती, ते इथेही लागू होतं, फक्त इथे तो कोण आहे ते माहीत आहे आणि कधी येईल ते माहीत नाही.

तुमच्या गेमबद्दल एकच गोष्ट तळमळीने सांगते, ती म्हणजे तो सतत खाली वाजणारा घुं घुं असा ड्रोन टाकला असेल तर काढून टाका. नवीन हॉरर गेममध्ये हटकून असतो. पहिल्या मिनिटापासून "इथे भीतीदायक आहे" असं सांगत राहिलं की कान ते वगळायला लागतात. वाड्याला स्वतःचे आवाज आहेत ना. कडीपाटाचं लाकूड रात्री थंड होताना करकरतं, कौलावर काहीतरी पडतं, झोपाळ्याच्या कड्या असतात, दाराचा अडसर भिंतीतल्या भोकात सरकतो तो आवाज असतो. हे सगळे आवाज आधी दिवसाउजेडी, काहीच घडत नसताना ऐकवा. खेळणाऱ्याने स्वतः अडसर दोनतीनदा सरकवला पाहिजे, त्याच्या कानात तो बसला पाहिजे. मग रात्री तो वरच्या मजल्यावर असताना खालून तोच आवाज येऊ द्या, एकदाच, मोठ्याने नाही. दुसरं काही दाखवायची गरज पडणार नाही.

खडकीचा_गेमर

आवाज, अंधार सगळं मान्य, पण तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. गमवायला काही नसेल तर यातलं काहीही चालत नाही. तुमच्या गेममध्ये मेलं तर काय होतं? दहा सेकंद मागे जाऊन परत सुरू होत असेल तर मेलं काय आणि जगलं काय.

१९९६ च्या पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये सेव्ह करायला टाइपरायटर लागायचा आणि त्यात घालायला शाईची रिबन, आणि रिबनी मोजक्याच मिळायच्या. त्यामुळे एक बोळ पार करणं म्हणजे गेला अर्धा तास पणाला लावणं. एलियन आयसोलेशन (२०१४) तर त्याच्याही पुढे गेली. सेव्ह करायला भिंतीवरचं मशीन शोधायचं, त्यात कार्ड घालायचं, आणि मग एकेक दिवा लागेपर्यंत तिथेच उभं राहायचं, गेम थांबत नाही, एलियन मागून येऊन तिथेच उचलू शकतो. सेव्ह करायची जागा म्हणजे सुटकेची जागा असते ना, तीच त्यांनी सगळ्यात उघडी ठेवली. मी त्या मशीनकडे जाताना जितका घाबरलोय तितका एलियन समोर असतानाही नाही. मोशन ट्रॅकरचंही (आसपासची हालचाल दाखवणारं हातातलं यंत्र) तेच, तो बघितल्याशिवाय चालत नाही आणि त्याची पिप पिप एलियनला जवळून ऐकू जाते.

अजून एक, आणि तुम्ही कोड लिहिताय म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्यात एलियनला दोन मेंदू आहेत असं म्हणतात, डेव्हलपरांनीच सांगितलंय. वरच्याला खेळणारा कुठे आहे ते कायम माहीत असतं, पण तो खालच्याला फक्त साधारण भाग सुचवतो, की त्या बाजूला बघ. प्रत्यक्ष शोधायचं काम खालचा स्वतःच्या डोळ्याकानांनी करतो. आणि बराच वेळ तुमच्या डोक्यावर ताण राहिला की वरचा त्याला मागे बोलावतो, जरा श्वास घेऊ देतो. त्यामुळे तो तुमच्या मागावर आहे असं वाटतं पण फसवणूक झाली असं वाटत नाही. तुमची बाई माजघरातल्या एका ठरलेल्या ट्रिगरवर येते ना? मग ती पहिल्याच वेळी काय ती घाबरवणार. मेल्यावर परत तिथे आलो की मला पाठ असतं की अमुक फरशीवर पाय ठेवला की ती येते, आणि मग ती बाई राहत नाही, एक अडथळा होते.

उलट बाजूही सांगतो कारण ती पण खरी आहे. सारखं सारखं मरायला लागलं की भीती जाते आणि चीड येते. एलियन आयसोलेशन मला फार आवडते पण ती लांबलीये, शेवटाकडे मी घाबरत नव्हतो, फक्त वैतागलो होतो. मृत्यूची टांगती तलवार हवी, पण ती सारखी पडायला नको. याबाबतीत २००२ चा पहिल्या रेसिडेंट ईव्हिलचा रिमेक फार सुंदर आहे. झोंबी मारलास आणि त्याला जाळलं नाहीस किंवा डोकं उडवलं नाहीस तर तो नंतर उठतो, जास्त वेगाने पळतो, आणि जाळायला रॉकेल मोजकं. म्हणजे बोळात पडलेलं प्रत्येक प्रेत हा तुझाच निर्णय असतो, की याला सोडून दिलं, आता याच्यावरून रोज जायचं. तिथे कुणी दचकवत नाही, ते नुसतं पडलेलं असतं, आणि पुढच्या वेळी पडलेलं असेल का हे माहीत नसतं.

अनामिक_सातारा

माझ्यासाठी ती जागा म्हणजे थीफ डेडली शॅडोजमधली ती अनाथाश्रमाची लेव्हल, रॉबिंग द क्रेडल. गेम २००४ ची. मुळात हॉरर गेमच नाहीये, चोराची गेम आहे, अंधारात लपायचं, पहारेकऱ्यांच्या मागून जायचं. आणि मग ही एक इमारत येते जी आधी अनाथाश्रम होती, नंतर वेड्यांचं इस्पितळ, आणि काही काळ एकाच वेळी दोन्ही. हे कळतं तेव्हा कसं होतं बघा, कुणी काही केलेलं नाही, नुसती इमारतीची माहिती आहे.

आणि खरी कमाल ही की पहिल्या अर्ध्या भागात तिथे एकही शत्रू नाही. शून्य. पण तुम्ही आधीच्या सगळ्या लेव्हल्स दबकत, भिंतीला चिकटून खेळून आलेले असता, ती सवय अंगात भिनलेली असते, म्हणून तुम्ही रिकाम्या बोळातही तसेच चालता. वरून कुठून तरी धाप धाप असा आवाज येतो. तुम्ही थांबता, वाट बघता, कुणी येत नाही. पुढच्या अर्ध्यात मग येतात, पण मला तरी आधीचा भागच जास्त जड गेला.

पी.टी.चा बोळही याच जातीचा. ऑगस्ट २०१४ मध्ये आली, पुढच्या एप्रिलमध्ये स्टोअरवरून काढूनही टाकली, एवढीशी फुकट डेमो. एका घरातला काटकोनात वळणारा बोळ, शेवटी दार, दार उघडलं की परत तोच बोळ. आपल्याकडे चकव्याच्या गोष्टी सांगतात ना, माणूस रात्री शेतातून निघतो आणि फिरून फिरून त्याच बांधावर येतो, त्यात भूत दिसतच नाही, वाट बदलल्याचं कळत नाही एवढंच. पी.टी. अगदी तेच करते. जागा इतकी छोटी आणि इतकी ओळखीची होते की एक दार थोडंसं किलकिलं दिसलं तरी हात थांबतो. मोठ्या मॅपमध्ये हे होऊच शकत नाही, कारण तिथे आधी काय होतं ते लक्षातच राहिलेलं नसतं. तुमचा वाडा छोटा आहे ही तुमची ताकद आहे, नवीन खोल्या वाढवू नका.

वाडा_प्रोजेक्ट

खूप खूप आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. ड्रोन आहे आमच्यात, आज रात्रीच काढतो. अडसराची कल्पना तर तिघांनाही प्रचंड आवडलीये. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक म्हणजे रिकामं किती वेळ ठेवायचं? थीफमध्ये मागच्या लेव्हल्सची सवय कामाला आली, आमची गेम फार तर तासाभराची आहे, तेवढ्यात लोक कंटाळून बंद करतील ही धास्ती आहे. आणि दुसरं, माजघरातली बाई पूर्णच काढू का? मित्राचा त्या सीनवर जीव आहे, मॉडेल त्यानेच केलंय.

रात्रपाळी

काढू नका. जंप स्केअरला उगाच सगळे नावं ठेवतात. पी.टी.मध्येही ती लिसा नावाची भुताची बाई अंगावर येतेच की. पण ती येऊ शकते हे एकदा सिद्ध झालं की नंतरचा सगळा बोळ तिच्या नावाने घाबरवतो. २०१९ मध्ये एकाने गेमचा कॅमेरा पात्रापासून सोडवून दाखवलं की टॉर्च हातात आल्यापासून ती बराच काळ तुमच्या पाठीमागेच उभी असते, भिंतीवर कधीतरी सावली दिसते ती त्यामुळेच. म्हणजे ज्यांना मागे कुणीतरी आहे असं वाटत होतं त्यांना बरोबर वाटत होतं. तर बाई ठेवा, पण तिने काहीतरी नेलं पाहिजे. समजा ती आली आणि कंदील विझवून गेली, आता उरलेलं माजघर अंधारात पार करायचं. किंवा ज्या दारातून आत आला ते आता आतून लागलेलं आहे. तिच्या येण्याने पुढचं खेळणं बदललं पाहिजे, नाहीतर ती नुसती ओरडून जाते.

आणि ती समोरून यायलाच हवी असं कुठे आहे, माजघरातून ओसरीवर गेलेली पाठमोरी दिसली तर खेळणाऱ्याला ओसरीवरून जायचंच आहे, तो स्वतःच्या पायाने तिच्यामागे जाणार. मला तर हे जास्त वाईट वाटतं.

खडकीचा_गेमर

रिकामं किती वेळ, याला मिनिटांत उत्तर नाही, पण डार्कवूड बघा. २०१७ ची, पोलंडमधल्या तिघांच्या टीमने केलेली, म्हणजे तुमच्याएवढीच माणसं. वरून दिसणारी गेम, टू डी, वरून बघताना भीती कशी वाटेल असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी काय केलंय, पात्र ज्या दिशेला तोंड करून आहे तेवढ्याच कोनातले प्राणी आणि हालचाल दिसते, पाठीमागे खोली दिसते पण तिथे कुणी आलं तर दिसत नाही. आणि रात्र झाली की घरात कोंडून घ्यायचं. खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, दाराला कपाट सरकवून लावायचं, जनरेटरमध्ये पेट्रोल आहे का बघायचं, आणि मग कोपऱ्यात उभं राहून सकाळची वाट बघायची.

त्या रात्री काही वेळा काहीच घडत नाही. पण कंटाळा येत नाही कारण दिवसभर हाताने त्या रात्रीची तयारी केलेली असते. फळ्या कमी पडल्या म्हणून एक खिडकी उघडी राहिलीये हे तुम्हाला माहीत असतं, आणि तुम्ही त्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिलात की दार पाठीमागे येतं. आता सांगा, यात ग्राफिक्सचा काय संबंध. तर रिकाम्या वेळात खेळणाऱ्याला काम द्या, आणि काम असं द्या की त्याला त्या वाड्याची दारं, खिडक्या, अडसर सगळं स्वतः लावावं लागेल. वाड्याला दारं कमी नाहीत. सगळ्यांना अडसर नसेल तर अजूनच उत्तम, कुठली दोन उघडी सोडायची ते त्याला ठरवू द्या.

अनामिक_सातारा

वरच्या मुद्द्याला जोडून, त्याला धावू देऊ नका एवढं लगेच करा. धावणं काढा किंवा धावलं की लाकडी जमीन इतकी वाजू द्या की त्यालाच नको वाटेल. शिफ्ट दाबून खोल्या धुंडाळणारा माणूस काहीही ऐकत नसतो.

आणि पुढच्या वेळी खेळायला द्याल तेव्हा शेजारी बसून बोलू नका, सूचना देऊ नका, मागे उभं राहून फक्त दारांशी तो किती थांबतो ते बघा. किंचाळला की नाही ते लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

वाडा_प्रोजेक्ट

हे फार कामाचं आहे. कंदील विझणं आणि दोन दारं उघडी राहणं, दोन्ही या आठवड्यात करून बघतो. बाई पाठमोरी हे मित्राला सांगितलं, तो लगेच चालण्याचं अ‍ॅनिमेशन करायला बसलाय. @आवाजघर ताई, अडसर आणि जिन्याचे आवाज खऱ्या वाड्यातच जाऊन रेकॉर्ड करायचा विचार आहे, मोबाईलवर चालेल का?

आवाजघर

मोबाईल चालेल, नाहीच मिळालं काही तर, पण कुणाकडून साधा हँडी रेकॉर्डर मागून घ्या, फरक पडतो. रात्री उशिरा जा, रस्त्यावरच्या गाड्या कमी असतात. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर सगळं बंद करायला सांगा. प्रत्येक दार, प्रत्येक पायरी जवळून एकदा आणि दोन खोल्या पलीकडून एकदा असं दोन्ही घ्या, कारण तुमच्या गेममध्ये लांबून येणाराच आवाज जास्त लागणार आहे आणि जवळचा आवाज नुसता बारीक केला तर तो लांबचा वाटत नाही. प्रत्येक खोलीत मिनिट दोन मिनिटं कुणीही न हलता रिकाम्या खोलीचा आवाज पण घ्या. आणि जाताना फुगे घेऊन जा. माजघरात, तळघरात, बळदात एकेक फुगा फोडून तो रेकॉर्ड करा, त्यावरून त्या खोलीचा घुमारा काढता येतो आणि मग बाकी कुठलाही आवाज त्याच खोलीत झाल्यासारखा करता येतो. फाइल्स वेव्हमध्ये ठेवा, एमपीथ्री नको. झालं की मला पाठवा, घुमारा काढून देते.